काकीची वैशाखातली बाडी

जवळ ये जरा. कागदावर का होईना, पण ये. लांबून बोललेलं मला धड सांगता येत नाही. आणि आधी बोलणी खा. भर दुपारच्या उन्हात गच्चीवरच्या कुंड्यांना पाणी घालतेस, तेही टाकीतलं, तापलेलं, आणि मग फोन करून रडतेस, आत्या, मिरचीचं झाड गेलं. जाणारच ना बाई! तू त्याला पाणी दिलं नाहीस, उकडून काढलंस. आपल्या भागातली पोर तू, आणि उन्हाशी कसं वागावं ते तुला कोणी शिकवलं नाही? तुझी तरी काय चूक म्हणा. जिने शिकवलं असतं ती बाई तू पाहिलीच नाहीस.

काल संध्याकाळी मी मागच्या बाडीत गेले होते. आपल्या घरामागची ती भाजीची जागा गं, कुंपणापर्यंतची. गुडघे ऐकत नाहीत म्हणून भिंत धरून गेले. कारल्याच्या वेलाला आळं करायला बसले तर खुरप्याला खापर लागलं. काळपट, जाड, आतून पांढरं मीठ चढलेलं. मडक्याच्या पोटाचा तुकडा. पुसला आणि नाकाशी नेला. ओल्या मातीचा वास आला, शेवाळाचा आला, आणि मागून रक्ताचा आला. रक्ताचा वास इतकी वर्षं टिकत नाही, हे मलाही कळतं. पण आला. मी तशीच मातीत बसून राहिले, अंधार पडेपर्यंत.

तेव्हा चंद्रपूर नव्हतं, चांदा होतं. गडचिरोली चांद्याच्याच पोटात. आपलं गाव मूल गावाच्या पुढे, धानाच्या बांध्या संपून जंगल सुरू होतं तिथे. आणि उन्हाळा अंगावर यायचा. तापायचा म्हणत नाही मी, अंगावर यायचा म्हणते. सकाळी अंगणात ऊन टेकलं की कुत्रं उठून भिंतीकडे सरकायचं. जेवणाच्या वेळेपर्यंत छपरावरचे कवेलू तडतडायला लागायचे. दुपारचा वारा कुंभाराच्या भट्टीतून निघाल्यासारखा यायचा आणि तोंडावर मारून जायचा. चिमण्या वळचणीतून टपकन् खाली पडायच्या. आम्ही पोरी त्यांच्या चोचीत पाणी सोडायचो, ते तसंच बाहेर यायचं. तलावाचा तळ फाटायचा. फटीत हात घातला तर कोपरापर्यंत जायचा आणि आतून वाफ लागायची. रानात वणवा पेटला की राख उडत यायची, वाळत घातलेल्या लुगड्यांवर बसायची, पेजेच्या वाटीत पडायची.

मोहाची फुलं वेचायला गेलेल्या एका माणसाला बाजेवर घालून आणलेलं मी पाहिलं आहे. अस्वलाने त्याच्या तोंडाची एक बाजू ओरबाडून नेली होती. बाजेखालून ठिबकत होतं, आणि सगळ्या गल्लीत मोहाचा गोड वास पसरला होता, कारण त्याची भरलेली टोपली कोणीतरी त्याच्या पायाशी तशीच ठेवली होती. लोकांना मोहाच्या वासाने दारू आठवते. मला बाज आठवते.

असल्या उन्हात आमच्या काकीची बाडी हिरवी असायची.

काकी म्हणजे माझ्या बाबांच्या धाकट्या भावाची बायको. काका गेले, कशाने गेले ते राहू दे आता, आणि काकी राहिली. मूलबाळ नाही. उंच, काळीसावळी, हाताची हाडं मोठी. आवाज असा की हाक मारली तर तलावापलीकडची म्हैस वळून बघायची. पण बाबांसमोर तो आवाज बंद. बाबा तिचे भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ. भासऱ्याशी बाईने तोंडातोंडी बोलायचं नाही, पदर पुढे ओढायचा, समोर यायचं नाही, अशी आमच्याकडची रीत. मग घरात बोलणं व्हायचं कसं? माझ्याकडून. दोघं एका अंगणात चार हातांवर उभी असायची, एकमेकांचं सगळं ऐकू यायचं, तरी प्रत्येक वाक्य माझ्या तोंडून जायचं. तुझा बाप तेव्हा पाळण्यात होता, नाहीतर अर्धं काम त्याच्याही वाट्याला आलं असतं.

त्या वर्षी होळीच्या सुमाराला बाबा अंगणात उभे राहून मला म्हणाले, "सांग तुह्या काकीले. मागं गोठा घालतो म्हना. उन्हाळ्यात बाडीत काही जगत नाई, विहिरीचं पानी फुकट जाऊन राह्यलं."

काकी दाराआडून म्हणाली, "पोरी, बाबाले इचार, जगलं तं?"

"बाबा, जगलं तं?"

"जगलं तं काय! मिरगापर्यंत बाडी हिरवी राह्यली तं बाडी तिची. मी तिथी पाय ठेवनार नाई. आन वाळली तं गोठा. मंग तिनं एटापल्लीले भावाकडं जाऊन राहावं. इथी काय काम तिचं?"

एटापल्लीचा भाऊ म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत होतं. एकदा काकी तिकडे गेली होती, तर भावजयीने तिला गोठ्यात बाज टाकून दिली होती. आतून आवाज आला, "सांग पोरी. बरं म्हनलं म्हनून."

तिची रीत काय होती ते नीट ऐक, तुझ्या कुंड्यांना उपयोगी पडेल. कुंभाराकडे भाजताना वाकडी झालेली मडकी पडलेली असायची, कोणी घेत नसे. ती काकी उचलून आणायची. प्रत्येक वेलाच्या मुळाशी एक मडकं गळ्यापर्यंत पुरायची. ऊन उतरलं की त्यात पाणी भरायचं, तोंडावर पळसाचं पान, पानावर दगड. वरची माती कोरडी ठाक, पण मडकं आतून पाझरत राहायचं आणि मुळं त्याला वेढून बसायची, लेकरं आईला बिलगतात तशी. वर बांबूचा मांडव, मांडवावर धानाचं तणस आणि पळसाची डहाळी. तांदळाचं धुवण, भांड्यांचं पाणी, आमच्या आंघोळीचं पाणी, सगळं तिकडे. आम्ही तोंड धुताना चूळ बाहेर टाकली तर ती ओरडायची, "अवं, वांग्यापाशी थुक ना! वांगं का तुह्यं दुश्मन हाय?"

त्या मांडवाखाली दुपारी वाकून शिरलं की अंगावरचं ऊन कोणी हिसकावून घेतल्यासारखं वाटायचं. हिरवा उजेड. दोडक्याच्या पिवळ्या फुलांचा कडवट वास, सांभाराचा, म्हणजे तुमच्या कोथिंबिरीचा वास, ओल्या खापराचा वास. पाणी ओतलं की मडकं आधी चर्र करायचं आणि मग गुटगुट प्यायचं. आणि हा गारवा सगळ्या जिवांना ठाऊक असायचा. साप यायचे, विंचू यायचे. काकी विंचवाला खुरप्याने चिरायची, सापाला मात्र म्हणायची, "बस बाप्पा, पन मडक्यापाशी नको बसू, माह्या हात पडते तिथी."

चैत गेला. विहीर खोल खोल गेली. एक दिवस बालटी दगडाला लागून खणखणली आणि वर आला तो निव्वळ चिखल. बाबांनी दोर फेकला. तोच दोर उचलून आधी बैलाच्या पाठीवर ओढला, बैलाने काही केलं नव्हतं. मग बाडीत शिरले आणि पहिल्या दिसलेल्या मडक्याला लाथ घातली. मडकं फुटलं, पाणी मातीने एका घोटात ओढून घेतलं. काकी मांडवाच्या टोकाला पाठमोरी उभी. तिने मला जवळ ओढलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "पोरी, बाबाले इचार, हरून राह्यले म्हनून लाथा घालता का?"

मी तोंड उघडायच्या आत थप्पड बसली. निरोप काकीचा, थप्पड माझी. कान दिवसभर गुणगुणत होता. काकीने रात्री कानात कोमट तेल सोडलं आणि पुटपुटली, "तुह्यं तोंड मी वापरते वं, आन मार तू खाते." त्या दिवसापासून ती पाणी तलावाच्या तळातल्या झिऱ्यावरून आणू लागली, वाटी वाटी उपसून, डोक्यावर दोन घागरी. झिऱ्यावर बायकांच्या झिंज्या धरून मारामाऱ्या चालायच्या. काकी एकदा फुटक्या ओठाने आली, पण घागरी भरलेल्या होत्या.

मग वानरं आली. काळ्या तोंडाची, लांब शेपटीची. दर उन्हाळ्यात यायची, वांगी तोडायची, दात लावून फेकायची, काकी गोफण फिरवायची, ती पळायची. त्या वर्षी जंगलातले नाले पार आटले होते. त्या वर्षी त्यांनी भाजीला हात लावला नाही. ती मडक्यांकडे गेली.

वैशाखातली दुपार होती. घरातली सगळी ओसरीत आडवी. काकी बाडीच्या दाराशी उखळात मिरच्या कुटत होती, मी बाजूला बसून शिंकत होते. वर कवेलू खडखडले, दोन फुटून खाली आले, आणि टोळीच्या टोळी मांडवात उतरली. मी पाहिलं, एका मादीने पोटाशी पोर धरलं होतं आणि दुसऱ्या हाताने दगड सरकवला, पान उचललं, मडक्यात हात घातला आणि तो ओला हात पोराच्या तोंडाला लावला. माणसासारखा. टोळीचा मोठा हुप्प्या कोपऱ्यातलं मडकं धरून मुळासकट उपटत होता. त्याच्यासोबत दोडक्याचा अख्खा वेल मांडवावरून फाटत खाली आला. तो आवाज मला लुगडं फाडल्यासारखा आठवतो.

"हाड! हाड मेल्या!" काकी धावली. हुप्प्या पळाला नाही. त्याने दात दाखवले आणि उडीच घातली. काकीचा पदर त्याच्या मुठीत, दात तिच्या हातात, कोपराखाली. काकी ओरडली नाही. तिच्या दुसऱ्या हातात मुसळ तसंच होतं. ते वर गेलं आणि एकदाच खाली आलं.

हुप्प्या मडक्यावर पडला. मडकं फुटलं. पाणी आणि रक्त एकच होऊन वेलाच्या मुळाकडे वाहत गेलं. माद्या किंचाळल्या, सगळं गाव उठेल अशा, आणि मग एकदम गप्प झाल्या. घरावर चढून कवेलूंवर रांगेने बसल्या आणि खाली बघत राहिल्या. काकी मातीत बसली. मिरचीचा लाल भुगा तिच्या हाताला होता, तोच जखमेत गेला असणार. तिला त्याची शुद्ध नव्हती. "पानी प्यायले आला होता वं," ती मला म्हणत होती. "पानी प्यायले."

बाबा उठून आले. बघितलं आणि पांढरे पडले. "मारुतीले मारलं! माह्या घरात मारुतीले मारलं या बाईनं!" तेच मुसळ त्यांनी उचललं आणि काकीवर उगारलं. माझी आई, जी जन्मात त्यांच्यापुढे मोठ्याने बोलली नव्हती, मधे येऊन उभी राहिली. "आधी माह्या डोक्शात घाला," म्हणाली. मुसळ हवेतच राहिलं. मग खाली पडलं.

संध्याकाळपर्यंत गाव अंगणात जमा. वानर मेलं की आपल्याकडे माणसासारखी माती देतात, तुला ठाऊक आहे. कोणी बांबूची तिरडी बांधत होतं, कोणी गुलाल आणला, भजनवाले टाळ घेऊन आले. गावातले सगळ्यात म्हातारे डोमाआजा, रीतभात त्यांनाच विचारायची, ते ओट्यावर बसून काय काय करायचं ते सांगत होते. घरच्या कर्त्या माणसाने डोकं आणि मिशी उतरवायची. तेरवीला गावजेवण द्यायचं. बाबा ऐकत होते. बाबांची मिशी म्हणजे काय होती म्हणून सांगू! रोज सकाळी तिला तेल लावल्याशिवाय ते बैलालाही तोंड दाखवत नसत.

चार जणांनी तिरडी उचलायला हात घातला. तलावाच्या पाळीवर न्यायचं ठरलं होतं. तेवढ्यात काकी उठली. हातावर हळदीची पट्टी, तिच्यातून रक्त वर आलेलं. मला वाटलं आता मला बोलावणार, म्हणून मी पुढे झाले. तिने मला हाताने बाजूला केलं आणि बाबांच्या समोर जाऊन उभी राहिली. पदर डोक्यावर होता, तोंडावर नव्हता.

"मोठे भाऊजी," ती म्हणाली, "त्याले इथून हलवू नका. जिथी पडला तिथीच माती द्या. माह्या हातानं पडला, माह्या डोळ्यासमोर राहू द्या."

टाळ थांबले. भासऱ्याशी तोंडावर बोलली! वानर मारलं ते एक, पण हे? बायकांनी पदर तोंडात धरले.

डोमाआजांनी मान हलवली. "बराबर बोलली बाई. देह पडला ती जागा त्याची."

बाबा म्हणाले, "इथी कसं? इथी मले गोठा घालाचा आहे ना, आजा."

"देवाच्या डोक्यावर गुरं मुतवशील काय गा?"

मागून कोणीतरी फिसकन् हसलं आणि लगेच खोकून घेतलं. बाबांनी माझ्याकडे बघितलं. सवयीने. काकीला काय सांगायचं ते माझ्याकडे द्यायला. पण द्यायला त्यांच्याजवळ काही नव्हतं.

काकीला हे कधी सुचलं, मला माहीत नाही. मुसळ मारताना नक्कीच नाही. पण तिरडी बांधताना सुचलं असेल का? मी कधी विचारलं नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते खरं होतं. आणि वाहत्या डोळ्यांनी तिने या कुंपणापासून त्या कुंपणापर्यंत बाडीवर एक नजर फिरवली, तेही खरं होतं. दोन्ही मी पाहिलं.

मांडवाखालीच खड्डा खणला. हुप्प्याला बसवून, मीठ घालून पुरलं. गुलाल उधळला तो वांग्यांवर पडला, ती कितीतरी दिवस गुलाबी दिसत होती. वर दगड ठेवून शेंदूर लावला. माद्या अजून कवेलूंवर होत्या. अंधार पडल्यावर कधी गेल्या ते कोणी पाहिलं नाही. न्हाव्याने बाबांची मिशी उतरवली तेव्हा ओठांवरची कातडी तान्ह्या लेकराच्या तळव्यासारखी निघाली. माझी आई पदरात तोंड घालून गदगदत होती. रडत होती की हसत होती, देव जाणे.

तेरवीला काकीने बाडी स्वतःच्या हाताने उतरवली. मृगाला अजून अवकाश होता. दोडके, चवळीच्या शेंगा, वांगी, भेदरं म्हणजे तुमचे टमाटे, सांभाराची शेवटची काडीसुद्धा. बाबा ओसरीवरून बघत होते. मांडव उघडा पडला, तरी बाडी आता कोणाच्या पैजेची राहिली नव्हती. गाव जेवलं. लोक बोटं चाटत म्हणत होते, उन्हाळ्यात असली भाजी आनली कुठून?

दुसऱ्या दिवसापासून काकी पुन्हा दाराआड गेली. पुन्हा मी मधे. पण कुंपणाबाहेर तिने लाकडाची एक डोणी ठेवली, आणि मडक्यांच्या आधी ती भरायची. वानरं आली की एका हाताने गोफण उचलायची आणि ओरडायची, "पिऊन घ्या, मेल्याहो! वेलाले हात लावला तं याद राखा!" हाताची ती जखम भरली, पण दोन बोटं वाकली नाहीत पुन्हा. त्याच हाताने तिने पुढची सगळी वर्षं खुरपं धरलं.

माझं लग्न होऊन मी वरोऱ्याला गेले. पहिल्या दिवाळीला माहेरी आले तर काय बघते! बाबा बाडीच्या कुंपणापलीकडे उभे, काकी अलीकडे, आणि बाबा दोडक्याच्या वेलाला म्हणताहेत, "सांग बाबा तिले, बैल बांध्यांकडं नेऊन राह्यलो, भाकर लवकर पाह्यजे." आणि काकी त्याच वेलाला, "म्हन ना त्याईले, भाकर कधीची झाली, हात धुवा म्हनून." मी दाराआड उभी राहून इतकी हसले की डोळ्यांना पाणी आलं. मग नुसतंच पाणी येत राहिलं.

दोघंही गेली. तुझे आजोबा आधी. त्यांची माती झाल्यावर काकी बाडीत जाऊन बसली आणि तिन्हीसांजेला उठून मडकी भरली. ती गेल्यावर बाडीचं काय, हे कोणी ठरवलं नाही. नावावर ती कोणाच्याच नाही. जी पाणी घालते तिची. तुझे फुफाजी गेल्यावर मी इथे येऊन राहिले, तेव्हापासून मी घालते. यंदा ऊन फार आहे. विहिरीपासून मांडवापर्यंत माझ्याने एका दमात जाववत नाही, मधे दोनदा बसते. कालचं ते खापर मी पुन्हा मातीतच दाबलं. वर नवं मडकं पुरायचं होतं, पण कमरेतून वाकता आलं नाही, ते तसंच भिंतीला टेकून ठेवलं आहे.

तू म्हणतेस, आत्या, पावसाळ्यात येते, तेव्हा बरं असतं तिकडे. पावसाळ्यात नको येऊ. पावसाळ्यात उकिरडाही हिरवा असतो, त्याला बघायला कशाला यायचं? आत्ता ये. भर वैशाखात ये, डोक्याला ओलं फडकं बांधून ये, एसटीच्या खिडकीने हात भाजला तरी ये. ते मडकं पुरून दे. बाकीचं मी बसल्या जागेवरून सांगते. लवकर ये गं, वेल अजून जिवंत आहे.